भाकीत सांगून निघून जाता येत नाही

छातीचा सीटी स्कॅन. सुई टोचायची नाही, रंग सोडायचा नाही, काही सेकंद श्वास रोखून धरला की झालं. हातात येतो एक आकडा, कॅल्शियम स्कोर. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत किती कॅल्शियम साठलंय, याचं ते माप. अमेरिकेतले डॉक्टर आर्थर अॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही मोजणी मांडली. शून्य म्हणजे चांगलं, शंभरच्या पुढे गेलं की सावध व्हायचं, चारशेच्या पुढे धोका बराच.

आता पुढची पायरी सुरू आहे. आज धमनीत काय आहे एवढंच न सांगता, पाच-दहा वर्षांत ते किती वाढेल आणि कुणाला अटॅक येईल, हे चित्रावरून ओळखणारी मॉडेल्स बनताहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला याचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण 'हे जमेल का' यापेक्षा दुसराच प्रश्न मला जास्त छळतो. एखाद्याला त्याचं भविष्य सांगितल्यावर आपण त्याचं काय देणं लागतो?

भाकितं आपल्याला नवी नाहीत. जत्रेत पोपटवाला बसतो, पाकिटातून चिठ्ठी काढून भविष्य सांगतो, पैसे घेतो. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गावात असतो. भाकीत खरं ठरलं की खोटं, हे बघायला तो कधीच परत येत नाही. स्कॅनचं भाकीत वेगळं आहे, त्यामागे शास्त्र आहे, असं आपण म्हणतो. पण हे शास्त्र तयार कसं झालं?

कुणीतरी वर्षानुवर्षं परत परत आलं म्हणून. अमेरिकेत २००० साली 'मेसा' नावाचा अभ्यास सुरू झाला. हृदयविकार नसलेली, ४५ ते ८४ वयाची ६,८१४ माणसं घेतली, त्यांचे स्कॅन केले, आणि पुढे कुणाला काय झालं याचा माग वर्षानुवर्षं ठेवला. आज 'एवढा स्कोर म्हणजे एवढा धोका' असं जे सांगतात, त्यातला मोठा भाग या धीराच्या कामातून आला आहे. कॉम्प्युटर चित्र वाचतो, पण त्या चित्राच्या पुढे काय झालं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

त्या ६,८१४ माणसांत गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते. आपण नव्हतो. २०१० मध्ये 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला, त्यात दक्षिण आशियाई वंशाचे सुमारे नऊशे लोक घेतले. पण तेही शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारे. शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा, कांदा-बाजरी करणारा चाळिशीचा माणूस या दोन्हींत नाही. त्याच्या स्कोरवरून त्याचं भविष्य सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरून त्याची जमीन मोजणं.

यात तांत्रिक अडचणीही आहेत. धमनीतला नवा, मऊ थर कॅल्शियमचा नसतो, तो या स्कॅनमध्ये दिसत नाही. त्यामुळे कमी वयात आलेला शून्य पूर्ण निर्धास्त करत नाही. उलट स्टॅटिनच्या गोळ्या नियमित घेणाऱ्याचा स्कोर वाढू शकतो, कारण मऊ थर कडक होऊन स्थिर होतो. म्हणजे जो नीट वागतोय त्याचाच आकडा चढलेला दिसेल. समजावून सांगणारं कुणी नसेल, तर तो घाबरून गोळ्या बंद करेल.

बाहेरून दिसणारं शरीर आणि आतलं शरीर यांत किती फरक असतो, हे पुण्यातल्या एका डॉक्टरांनी स्वतःच्याच फोटोनं दाखवलं होतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१ टक्के.

याच याज्ञिकांच्या टीमनं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. बायकांची मोजमापं गरोदर राहण्याआधीपासून घेतली. १९९४ ते १९९६ मध्ये त्यांची बाळं जन्मली. वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीदार. टीम पुन्हा आली मुलं सहा वर्षांची झाल्यावर, मग बाराव्या वर्षी, मग अठराव्या. अठराव्या वर्षी ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर नेहमीपेक्षा जास्त निघाली, आणि त्यांतले बहुतेक अंगानं सडपातळ. मधुमेह म्हणजे हृदयविकार नव्हे, पण तिकडे नेणारा मोठा रस्ता आहे. ही मुलं आज माझ्याच वयाची आहेत.

मला यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. टीम नुसती मोजत बसली नाही. २०१२ पासून याच मुलामुलींना बी-१२ जीवनसत्त्व देऊन, त्यांच्या पुढच्या पिढीची तब्येत सुधारते का, हा प्रयोग सुरू केला. ज्यांच्याबद्दल भाकीत केलं, त्यांच्या पुढच्या आयुष्यात आपलाही हात असला पाहिजे, असं मानणारं हे काम आहे.

चित्र दाखवण्याचा उपयोग होतो का? होतो. स्वीडनच्या वेस्टरबॉटन भागात ३,५३२ लोकांच्या मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी केली. अर्ध्या लोकांना आणि त्यांच्या डॉक्टरांना धमनीची अवस्था रंगीत चित्रातून कळवली, उरलेल्यांना नाही. वर्षभरानं चित्र पाहिलेल्यांचा धोका कमी भरला. बातम्यांत एवढंच आलं. पण चित्र पाठवल्यावर दोन ते चार आठवड्यांत नर्सनं प्रत्येकाला फोन केला होता, काय समजलं ते विचारलं होतं, शंकांना उत्तरं दिली होती. सहा महिन्यांनी चित्र पुन्हा पाठवलं होतं. त्या निकालात चित्राइतकाच त्या फोनचाही वाटा आहे, असं मी धरतो.

आता आपल्याकडचं दृश्य कल्पून बघा. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणारा कुणी एक जण. कंपनीच्या तपासणीत स्कॅन होतो, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते: 'मध्यम धोका'. विचारायचं कुणाला? बायकोला सांगितलं तर ती रात्रभर झोपणार नाही. भाऊ म्हणेल, "आधी अँजिओ करून घे, पैशाचं बघू." दुसरा कुणी म्हणेल, "मशीनचं काय खरं असतं?" आणि तो रिपोर्ट कपाटात जाईल. दोन्ही वाटा वाईट, आणि दोन्हींत रिपोर्ट पाठवणारा कुठेच नाही.

मग सांगूच नये का? हेही मला पटत नाही. 'गावच्या माणसाला कळणार नाही, उगाच घाबरेल' हा शहरी मोठेपणा आहे. ज्याला पावसाचा अंदाज घेऊन पेरणी करता येते, त्याला धोका म्हणजे काय हे चांगलं कळतं. शरीर त्याचं, माहिती त्याची. पण जाणून घेण्याच्या हक्कासोबत 'पुढे काय?' हे विचारण्याचाही हक्क येतो, आणि त्याला उत्तर देणारं माणूस असावं लागतं.

असं माणूस गावात असतं. आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरते, बीपी-शुगरसाठी उपकेंद्रात पाठवते, आणि पुढच्या महिन्यात चावडीवर भेटली की विचारते, "दादा, गोळ्या चालू आहेत ना?" तिच्याकडे स्कॅनर नाही. पण बीपी, साखर, तंबाखू, मिश्री यांवर जे करायचं ते तिच्या विचारण्यातून होऊ शकतं. गोळी सुरू करावी की नाही अशा काठावरच्या माणसाला स्कॅन खरंच मदत करतो. पण तिथेही स्कॅननंतर कुणीतरी लागतंच.

म्हणून असं मॉडेल बनवणाऱ्या माझ्यासारख्यांनी अचूकतेच्या टक्क्यांआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून द्यावीत, असं मला वाटतं. हे कुणाच्या शरीरांवर शिकलंय? हे भाकीत चुकलं तर आपल्याला कळणार कसं? आणि रिपोर्ट गेल्यावर दोन आठवड्यांनी फोन कोण करणार?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका माणसाचं नाव आणि नंबर देता येत नसेल, तर तो रिपोर्ट पाठवण्याचं बटण अजून तयार झालेलं नाही.