आमिषाचा जीव

आमच्या एका मंडळीचे उपदेशक नदीकांठीं राहतात. गेल्या वैशाखांत आम्ही त्यांचे येथें मुक्कामास होतों. पहांटे ते मुलास घेऊन डोहावर मरळ धरावयास निघाले, तेव्हां आम्हीहि त्यांचे मागून गेलों.

मरळ ही शिकारी मासळी आहे, हें नदीकांठच्या वाचकांस सांगावयास नको. पाण्यांत कांहीं धडपडत आहे असें दिसलें कीं ती त्यावर झेप घालिते. ह्यास्तव आधीं बारीक मासे जिवंत धरावे लागतात. मुलानें जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांस बांधून उथळ पाण्यांत ओढला व बोटाएवढे दहा-बारा मासे डब्यांत घेतले. डबा त्यानें सावलींत ठेविला, आणि मासे वर येऊन तोंड वासूं लागतांच ताजें पाणी घातलें. लेकराची ती काळजी पाहून आम्हांस कौतुक वाटलें. मग उपदेशकांनीं एक मासा उचलून पाठीच्या पंखाखालून गळ ओविला, कण्यास धक्का लागूं न देतां; कारण कणा दुखावला तर मासा लवकर मरतो, आणि मेलेला मासा धडपडत नाहीं. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, एवढी सारी काळजी त्या जिवानें अधिक वेळ तळमळावें एवढ्याचकरितां होती.

मुलानें विचारिलें, “बाबा, याला दुखत नसेल का?”

“माशाला कसलं आलंय दुखणं!” असें म्हणून उपदेशकांनीं आम्हांकडे पाहिलें, व लागलेच म्हणाले, “पेत्रानंही गळ टाकलाच होता ना, पाळकसाहेब?”

टाकिला होता खरा; परंतु त्या गळास काय लाविलें होतें, ह्याविषयीं मत्तय एक शब्दहि लिहीत नाहीं.

दुखतें कीं नाहीं, हा प्रश्न आतां केवळ लेकराचा राहिला नाहीं. सन २००३ मध्यें स्कॉटलंडांत लिन स्नेडन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांच्या डोक्यांत इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळच्या खड्यांवर ओठ घांसूं लागले व बराच वेळ अन्नास शिवले नाहींत. ती वेदना आपल्यासारखीच काय, ह्यावर विद्वानांत अजून वाद आहे. नॉर्वे देशानें मात्र जिवंत माशाचें आमिष कायद्यानें बंद केलें आहे.

तथापि तो नियम आमच्या डोहावर लावण्यास आम्ही धजत नाहीं. तिकडे पुष्कळांस गळ टाकणें ही करमणूक आहे. ह्या घरीं वैशाखांत मजुरी नसते, आणि एक मरळ विकली तर तेलमिठाची सोय होते. परंतु भुकेल्यास जें क्षम्य, तें केवळ संवयीनें करणाऱ्यास क्षम्य आहे काय? मेलेला मासा दोरीनें हालवीत ओढिला तरी मरळ कधीं कधीं फसते. त्यांत श्रम अधिक व प्राप्ति कमी. तो तोटा कोणीं सोसावा, आपण कीं त्या बोटाएवढ्या जिवानें, असें आम्हीं उपदेशकांस विचारिलें. ते दोरीकडे पाहत राहिले.

उन्हें चढेपर्यंत दोन मरळी मिळाल्या. निघतेवेळीं डब्यांत पांच-सहा मासे उरले होते, ते मुलानें कोणास न विचारतां जेथून धरिले होते तेथेंच सोडिले. बापानें पाहिलें, पण रागावले नाहींत. एक मरळ बाजारांत गेली. दुसरीचें दुपारीं कालवण झालें, आणि तें आम्हींहि पोटभर खाल्लें.