धिग्दंड

‘धिक्कार असो’ ही घोषणा आजकाल इतकी सर्रास ऐकूं येते कीं, तिच्यांतील ‘धिक्’ या अव्ययाकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. ‘कार’ म्हणजे उच्चार, जसा हुंकारांत किंवा नकारांत. तेव्हां धिक्कार म्हणजे ‘धिक्’ असें म्हणणें, इतकाच त्याचा मूळ अर्थ. हा शब्द नाम नव्हे, क्रियापदहि नव्हे. तो नुसता उद्गार. तथापि संस्कृत व्याकरणानें त्याला मोठा अधिकार दिला आहे. ज्याला उद्देशून तो उच्चारावयाचा, त्याची द्वितीया होते. क्रियापद नसतांहि तो मनुष्य कर्माच्या जागीं जाऊन उभा राहतो.

हें केवळ वैयाकरणांचें कौतुक नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दंडाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रथम वाग्दंड, मग धिग्दंड, तिसरा धनदंड आणि त्यापुढें वधदंड. याज्ञवल्क्य पहिल्या दोहोंचा क्रम उलटा देतो, पण दोन्ही धनदंडाच्या आधींच ठेवतो. वर्ण पाहून शिक्षा ठरविणाऱ्या स्मृतीपासून न्याय शिकावा, असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु ‘धिक्’ हा उच्चार ही स्वतंत्र शिक्षा होऊं शकते, ही कल्पना विचार करण्याजोगी आहे. ही शिक्षा लागू पडावयाची तर अपराध्याच्या ठिकाणीं लज्जा शिल्लक पाहिजे, आणि बोलणाऱ्याविषयीं त्याला आदर पाहिजे. निर्लज्जापुढें धिग्दंड व्यर्थ. म्हणून तर पुढच्या पायऱ्या.

मग चौकांत उभें राहून गैरहजर सत्ताधीशाचा धिक्कार करणाऱ्यांनीं काय साधलें? त्यांना हसणें सोपें आहे. मला तें बरें वाटत नाहीं. धन आणि वध हे दंड राजाच्या हातचे. दुर्बळाच्या हातीं एवढा एकच उरतो. मात्र भर्तृहरीच्या नांवावर असलेल्या एका प्रसिद्ध श्लोकांत एकच ‘धिक्’ पांच द्वितीयांवर चालतें, आणि त्यांत पांचवी द्वितीया बोलणाऱ्याची स्वतःची आहे. आपल्या घोषणांत ती कधीं आढळत नाहीं.

जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ सालीं रवींद्रनाथांनीं ‘सर’ ही पदवी सोडून देण्यासाठीं व्हाइसरॉयला पत्र लिहिलें. राजाकडून मिळालेला मान त्यांनीं आधीं अंगावरून उतरविला, कारण तो अंगावर ठेवून केलेला धिक्कार त्यांनाहि लागू झाला असता. लॉर्ड चेम्सफर्ड १९२१ पर्यंत आपल्या पदावर राहिले. तेवढ्यावरून तो दंड फुकट गेला, असें म्हणावयास मी तयार नाहीं.