नाव खांद्यावर

मज्झिम निकायात बुद्धाने सांगितलेला तराफ्याचा एक दृष्टान्त आहे. एका वाटसरूला मोठा जलप्रवाह आडवा येतो. अलीकडचा काठ भयाचा, पलीकडचा निर्भय. आणि जवळ ना नाव, ना पूल. तो गवत, काटक्या, फांद्या गोळा करतो, त्यांचा तराफा बांधतो आणि हातापायांनी पाणी तोडीत पलीकडे जातो. आता त्या तराफ्याचे त्याने काय करावे? याने आपल्याला तारले म्हणून तो डोक्यावर घेऊन पुढे चालू लागावे काय? नाही, असे बुद्ध सांगतो. तराफा काठावर ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि आपल्या वाटेने जावे. उपदेश हा तरून जाण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नव्हे.

दृष्टान्त इतका स्वच्छ आहे की त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण थोर माणसांचे दृष्टान्त व्यवहारी माणसांच्या हाती पडले की त्यांचे काहीतरी वेगळेच होऊन बसते. ‘गरज सरो नि वैद्य मरो’ ही आपली म्हण वरवर पाहता हेच सांगते. आणि तराफा टाकून दिलेल्या शहाण्या वाटसरूच्या मागे वैद्याला टाकून दिलेले पुष्कळ लोक उभे राहून आपणही तसेच शहाणे असल्याचा आव आणू शकतात. म्हणून एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. त्या वाटसरूपुढे एकच नदी होती. पुढे दुसरी असती, आणि तिच्यापुढे तिसरी असती, तर?

असा प्रदेश जगात आहे. अमेरिकेचे मिनेसोटा राज्य आणि कॅनडा यांच्या सीमेवर बाउंडरी वॉटर्स नावाचे अरण्य पसरले आहे. क्षेत्र दहा लाख एकरांहून अधिक आणि त्यात एक हजारांवर तळी. एक तळे संपले की खडकाळ, झाडीने भरलेली जमीन. ती ओलांडली की दुसरे तळे. या पाण्यातून आठ-आठ, दहा-दहा दिवसांचे प्रवास करणारे लोक कनू नावाची हलकी, दोन्ही टोकांना निमुळती होडी वल्हवीत जातात. पाणी संपले की ते होडीतून उतरतात, सामान पाठीवर घेतात आणि होडी उलटी करून खांद्यावर चढवतात. या खुष्कीच्या टप्प्याला तिकडे ‘पोर्टेज’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ एवढाच, की वाहून नेणे. होडीच्या मधोमध एक आडवा दांडा असतो, तो मानेमागे खांद्यांवर टेकतो. त्या दांड्याला तिकडच्या भाषेत जे नाव आहे ते बैलाच्या जुवाचेच आहे. म्हणजे तळ्यात ज्या होडीने माणसाला वाहिले, तिच्याच जुवाखाली माणूस जमिनीवर मान देतो. हा न्याय मला फार आवडला.

असा प्रवास मनात आले आणि निघाले, असा होत नाही. त्याचे आधी घरी बसून गणित मांडावे लागते, आणि ते गणित आमच्या सातवीच्या मुलांना घालण्यासारखे आहे. समजा, खुष्कीचा टप्पा एक किलोमीटरचा आहे. सारे सामान एका खेपेत नेले तर चाल एक किलोमीटर. दोन खेपा कराव्या लागल्या तर जाणे, परत येणे आणि पुन्हा जाणे, अशी तीन किलोमीटर. तीन खेपा झाल्या तर पाच. ओझे दुप्पट झाले की चाल तिप्पट होते, हा हिशेब होडीत बसलेल्या माणसाला कळत नाही, कारण पाणी तक्रार करीत नाही. जास्तीची घोंगडी, जास्तीचा तवा, कदाचित लागेल म्हणून घेतलेली दहा माणसांची औषधे, हे सारे पाण्यावर फुलासारखे हलके असते. जमिनीवर पाऊल पडते तेव्हा प्रत्येक वस्तू आपले खरे वजन सांगू लागते.

आणि ते कोणाला सांगते? यादी करणाराला नव्हे, तर वाहणाराला. योजनेतला नीतीचा भाग मला येथे दिसतो. चार जणांच्या प्रवासात मुक्काम किती अंतरावर पडावा, हे सर्वांत दणकट माणसाच्या दमावर ठरवले तर नकाशावर ते शोभून दिसते. पण तिसऱ्या दिवशी सर्वांत अशक्त माणूस त्याची किंमत देतो. उद्या दुसऱ्याच्या पाठीवर काय पडणार आहे हे आजच डोळ्यांपुढे आणणे, याला मी योजना म्हणतो. पुष्कळ क्रूरपणा मनुष्याच्या दुष्टाव्यातून येत नाही. तो न मांडलेल्या हिशेबातून येतो.

यावर कोणी म्हणेल, की इतका हिशेब करणारा माणूस श्रद्धेला पारखा होतो. आपल्याकडे प्रवासाची रीत निराळी आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी उजव्या हाताला ठेवतो, तिचे पात्र ओलांडत नाही आणि शक्य तो शिधा बांधून नेत नाही. काठावरची गावे त्याला जेवू घालतात. आमच्या जानेफळचेच पाहा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, तिची परतीची वाट लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव अशी आहे. पालखी येते तेव्हा वारकऱ्याच्या हाती पताका असते, गळ्यात टाळ असतो. संसार पाठीवर नसतो. आठ दिवसांचे पीठमीठ मोजून पोत्यात भरणारा तो परदेशी प्रवासी याच्यापुढे कृपण वाटू लागतो.

पण जरा जवळून पाहावे. वारकऱ्याचे हात मोकळे आहेत, कारण सामान वाहनातून पुढे गेले आहे; मुक्कामाच्या गावात पहाटेपासून चुली पेटल्या आहेत; कोणी पाण्याची सोय पाहिली आहे, कोणी अंगण सारवले आहे. ओझे नाहीसे झालेले नाही, ते वाटले गेले आहे. आणि वाटून घेतलेले ओझे व दुसऱ्यावर ढकललेले ओझे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गावाने ते आपण होऊन उचलले, वारकऱ्याला त्याची जाणीव आहे, आणि पुढल्या वर्षी हेच गावकरी दुसऱ्या एखाद्या गावाच्या अंगणात वारकरी म्हणून जेवतील. या तीन गोष्टी असतील तर मोकळे हात शोभतात. त्यांतली एकही नसेल, तर श्रद्धा हे दुसऱ्याच्या पाठीला दिलेले गोंडस नाव ठरते.

त्या तळ्यांच्या प्रदेशातही हा धडा जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथून कातड्यांचा व्यापार चाले. सुपीरियर सरोवराकाठी ग्रँड पोर्टेज नावाची खुष्कीची वाट आहे, सुमारे साडेआठ मैलांची; पिजन नदीचे धबधबे टाळण्यासाठी ती चालावी लागे. व्यापारी कंपन्यांचे हमाल नव्वद-नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे, म्हणजे सुमारे 80 किलो ओझे, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर तोलून नेत. फर युरोपातल्या श्रीमंतांच्या टोप्यांना लागत होती. टोपी डोक्यावर हलकी असते. तिचे वजन हमालाच्या कपाळाला ठाऊक होते. आणि ती वाट, ती होडी, भूर्जाच्या सालीची ती बांधणी, हे सारे मुळात ओजिब्वे लोकांचे ज्ञान. 1854 च्या तहाने त्यांची ती भूमी अमेरिकेच्या सरकारकडे गेली आणि 1964 च्या कायद्याने तिला निर्जन अरण्य म्हणून संरक्षण मिळाले. ज्या वाटा कोणाच्या तरी पायांनी पडल्या, त्यांना निर्जन म्हणताना जीभ थोडी अडखळावयास हवी.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आमच्यासारख्या गावांतील शाळांतून दर वर्षी मुले बाहेर पडतात. काही बुलढाण्याला, अकोल्याला जातात, पुष्कळ पुण्याला जातात. जाऊ नयेत असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही; पलीकडच्या काठावर जाण्यासाठीच तर शाळा असते. त्यांना पलीकडे नेणारा तराफा कोणाचा होता हे गावात सर्वांना माहीत असते. कोणाच्या आईचे गळ्यातले मोडले, कोणाच्या बापाने दोन एकर सोयाबीनवर कर्ज काढले, कोणाच्या थोरल्या बहिणीने नववीत शाळा सोडली. मुलगा पार होतो. मग वीस वर्षांनी आईबापांचे गुडघे जातात, आणि तेव्हा तो तराफ्याचा प्रश्न दृष्टान्त राहत नाही. उपकार केला म्हणून तो डोक्यावर घेऊन चालावे काय?

पार झालेली मुले निर्दय असतात असे मुळीच नाही. पुण्यात दोन खोल्या असतात, हप्ते असतात, त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या शाळा असतात. आणि कित्येकदा म्हातारीच सांगते, “आमचं काय, पिकलं पान. तू तुझं पाहा.” म्हणजे तराफाच म्हणतो, मला पाण्यात सोड. त्याचे ऐकावे का? ऐकणे सोयीचे असते, एवढ्यावरूनच मला त्याचा संशय येतो.

गंमत अशी, की तराफा टाकावयास सांगणाऱ्या बुद्धानेच या प्रश्नाचेही उत्तर दिले आहे. अंगुत्तर निकायात तो म्हणतो, की एका खांद्यावर आईला आणि दुसऱ्या खांद्यावर बापाला घेऊन माणूस शंभर वर्षे चालला, तरी त्यांचे ऋण फिटत नाही. म्हणजे मते आणि उपदेश हे काठावर ठेवावयाचे, माणसे नव्हेत. तराफा गवताचा होता. त्याला पुढच्या काठावर जावयाचे नव्हते, त्याला भूक नव्हती, त्याला संध्याकाळी कोणाची वाट पाहावयाची नव्हती. जी वस्तू साधन आहे तिला साधन म्हणून सोडता येते. ज्या माणसाने आपल्यासाठी साधन होणे पत्करले, तो त्यामुळे वस्तू होत नाही.

पण त्याच वचनात दुसरी एक गोष्ट आहे, ती कर्तव्यदक्ष मुलांना अधिक टोचणारी आहे. खांद्यावर घेऊनही ऋण फिटत नाही! मग कशाने फिटते? आईबापांना श्रद्धेत, शीलात, दानात, प्रज्ञेत उभे केल्याने, असे तेथे उत्तर आहे. मी माझ्या शाळामास्तरी बुद्धीने त्याचा अर्थ असा घेतो: नुसते वाहून नेणे ही अर्धी गोष्ट आहे. होडी खांद्यावर घेतात ती पुढच्या पाण्यात पुन्हा सोडण्यासाठी. पोर्टेजला शेवट असतो. होडी जन्मभर खांद्यावर मिरवणारा माणूस मूर्ख, आणि ती काठावर टाकून पुढल्या तळ्याशी हात चोळीत उभा राहणाराही मूर्ख.

श्रावणाची कावड आपण मुलांना लहानपणी सांगतो आणि खांद्यापाशीच थांबतो. ती यात्रा कोणाची होती? श्रावणाची नव्हे. कोठे जावयाचे हे आंधळ्या आईबापांनी ठरवले होते. पाय तेवढे मुलाचे होते. आजचा सुस्थित श्रावण आईबापांना कावडीत बसवतो खरा, पण वाट स्वतःची धरतो. म्हातारा पुण्याच्या चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसतो. औषध वेळेवर मिळते, दूध मिळते, दूरदर्शन संच मिळतो. पण ओळखीचा पार नाही, बैलाचा दर विचारणारा कोणी नाही, सल्ला मागावयास कोणी येत नाही. होडी व्यवस्थित झाकून कोठीत ठेवली आहे. तिला कोणी टाकले नाही, आणि तिला पाणीही नाही.

उलटी होडी डोक्यावर घेतली म्हणजे पुढचे दिसत नाही. पायापुढची चार पावले तेवढी दिसतात. म्हणून सोबत्याने पुढे चालून दगड कोठे आहे, फांदी कोठे आहे, हे सांगावे लागते. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या घरांत पाहा, जू बहुधा एकाच मानेवर असते, आणि ती मान फार वेळा सुनेची किंवा धाकट्या लेकीची असते. बाकीचे भाऊ फोनवरून वाटेचे वर्णन करतात. खेपा वाटून घेणे, टप्पा आधी मोजणे, कोणाचा दम कोठे संपेल हे ओळखून खांदा बदलणे हे सारे पंधरा दिवसांच्या सहलीसाठी माणसे नकाशा पसरून ठरवतात. आईबापांच्या शेवटच्या पंधरा वर्षांसाठी मात्र ते ठरवणे अशुभ मानले जाते. प्रेमाला हिशेब शोभत नाही म्हणे! मला वाटते, ज्या प्रेमाने हिशेब केला नाही, त्याचा हिशेब दुसरेच कोणीतरी चुकते करीत असते.

त्या अरण्यात मुक्कामाचे काही नियम आहेत. एका तुकडीत नऊंहून अधिक माणसे नकोत; डबे-बाटल्या आणावयाच्या नाहीत; विस्तव ठरल्या जागीच पेटवावयाचा; साबणाचे पाणी तळ्यापासून दूर टाकावयाचे. यातला एकही नियम आज मुक्काम करणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. तो उद्या येणाऱ्यासाठी आहे, ज्याला आपण पाहिलेले नाही आणि जो आपले आभार मानणार नाही. मागच्याने जागा स्वच्छ ठेवली म्हणून आपण नीट निजलो. ते ऋण त्याला परत करता येत नाही, पुढच्याला देता येते. आईबापांचे पुष्कळसे ऋणही याच जातीचे आहे, हे खरे. मात्र हे सत्य सांगण्याचा अधिकार ज्याने आधी खांदा दिला आहे त्यालाच आहे. ‘मी ते ऋण माझ्या मुलांत फेडतो’ असे म्हणून मागची होडी काठावर सोडणाऱ्याला तो नाही.

मग काय वाहावे आणि काय ठेवावे? अहंकार, जुनी भांडणे, लोक काय म्हणतील याची भीती, आपण पार झालो याचा डौल, या सर्व गवताच्या तराफ्याच्या जिनसा आहेत. त्या खुशाल प्रवाहात सोडाव्यात. ज्यात प्राण आहे आणि ज्याला अजून पुढचे पाणी हवे आहे, त्याला जुवाखाली मान द्यावी, वाट्याने द्यावी, टप्पा मोजून द्यावी. आणि पाणी आले की त्याला खाली उतरवून, वल्हे त्याच्याही हाती देऊन, दिशा कोणती हे एकदा त्याला विचारावे.