वाळूची शवपेटी

माणूस मेल्यावर त्याच्या देहावर हक्क कोणाचा? बायकोचा, की त्याला प्रेषित मानणाऱ्या हजारोंचा?

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची हकीकत वाचताना हा प्रश्न पिच्छा सोडीत नाही. २७ जून १८४४ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, कार्थेजच्या तुरुंगात, जमावाने त्याला व त्याचा भाऊ हायरम याला गोळ्या घातल्या. वय अवघे ३८. प्रेते नॉव्हू गावी आणली, हजारो लोकांनी दर्शन घेतले. शत्रू विटंबना करतील या भयाने मग एक युक्ती झाली. पेट्यांत वाळू भरून त्या पुरल्या, आणि खरे देह मध्यरात्री एका अर्धवट इमारतीच्या तळघरात गेले. वाळूच्या पेटीवर कोणी अश्रू ढाळले असतील, तर ते खोटे म्हणायचे काय? मला नाही तसे वाटत. पेटीसाठी कोण रडतो?

पण पुढची गोष्ट इतकी सोपी नाही. काही महिन्यांनी जोसेफच्या बायकोने, एमाने, देह तेथूनही हलविले आणि नदीकाठच्या जुन्या घराजवळ पुरविले. पदरी चार मुले, पाचवे पोटात. पंथाचे पैसे कोणते नि नवऱ्याचे कोणते, यावरून ब्रिगम यंगशी तंटा. १८४६ साली यंग बहुसंख्य अनुयायांना घेऊन पश्चिमेला निघाला. एमा गेली नाही, आणि जागाही तिने त्यांना सांगितली नाही.

भीती होती तोवर लपविणे क्षम्य. पण भीती सरल्यावर? भाविकांवर हा अन्यायच, असे वाटते खरे. मात्र याच जोसेफने अनेक स्त्रियांशी लग्ने केली होती, कित्येक एमाच्या नकळत. जिवंतपणी तो तिच्या एकटीचा कधी राहिलाच नाही! मग मेल्यावर तरी परसातल्या मातीत तिने त्याला स्वतःपाशी ठेवला, तर तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

१८७९ साली तीही तेथेच पुरली गेली. जाणती माणसे सरली, खूण बुजली. १९१३ मध्ये मिसिसिपीवर धरण झाले आणि पाणी चढू लागले, तेव्हा नातू फ्रेडरिक स्मिथ याने शोध घेतला. १९२८ साली अस्थी सापडल्या. जोसेफ, हायरम आणि एमा शेजारी शेजारी पुन्हा पुरले गेले.

२०२४ साली ते जुने घर विकले गेले. घेणारा यंगच्या मागे पश्चिमेला गेलेल्यांचाच पंथ.