फेकलेली पिशवी कोण उचलतो?



आपल्या घरी नुकतीच धम्मदीक्षा झाली. त्रिसरण-पंचशील मुखोद्गत झाले. आता प्रश्न उरतो तो आचरणाचा, आणि आचरणाची पारख विहारापेक्षा बाजारात अधिक होते. चेंबूर स्टेशनबाहेर भाजी घेताना आपण सहज म्हणतो, "पिशवी द्या." त्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा उपयोग घरी पोहोचेपर्यंतच. मग ती फेकली की विषय संपला, असे आपण समजतो. पण ती कोणाला तरी उचलावीच लागते. तो कोण?

चेंबूरला लागूनच देवनारचे डंपिंग ग्राउंड आहे. ते १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या वाडवडिलांना बजावले की, मेलेली गुरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका. दुसऱ्याची घाण उचलणे हे कोणाचेही जन्मसिद्ध काम नाही, हा त्याचा अर्थ. मग आपली घाण दुसऱ्याने उचलावी, असे तरी आपण का मानावे? देवनारच्या ढिगात प्लॅस्टिक वेचणारे आणि तुंबलेली गटारे उपसणारे हात आजही बहुतेक दलित-गरिबांचेच आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली, तेव्हा नाले अडवण्यात या पिशव्यांचाही वाटा होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, तेव्हा तो धूर गोवंडी-चेंबूरच्या लेकरांच्याच छातीत गेला.

कोणी म्हणेल, २०१८ साली महाराष्ट्रात बंदी झालीच आहे. आता उपदेश कशाला? बंधूंनो, कायदा हवाच. पण दंडाच्या भीतीने पाळले जाते ते शील नव्हे. शील आपण स्वतः होऊन स्वीकारतो आणि कोणी पाहत नसतानाही पाळतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. आनंदांना पाचशे चीवरे दान मिळाली. उदेन राजाने विचारले, "एवढ्यांचे काय करणार?" आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. आणि जीर्ण चीवरांचे? त्यांचे पलंगपोस करू, मग गादीच्या खोळी, मग जमिनीवरची आंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकणी. शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपू. राजाची शंका फिटली.

भगिनींनो, जुन्या साडीची पिशवी शिवा. ती दारिद्र्याची खूण आहे, असे मनात आणू नका. धुतलेली पिशवी स्वच्छ असते आणि स्वच्छतेत स्वाभिमान आहे. मात्र कापडी पिशव्यांचाही ढीग करू नका. कापडामागेही कापूस, पाणी आणि कोणाचे तरी श्रम असतात. दोन पिशव्या पुरेत; फाटेपर्यंत वापरा, फाटल्या तर ठिगळ लावा.

ज्या कामातून आपण मान वर करून बाहेर पडलो, त्याच कामाला दुसऱ्याला जुंपायचे नाही, ही समता आहे. उद्या बाजाराला निघताना पिशवी घरूनच घ्या.

जय भीम!