प्रसववेदना आणि क्रूस

बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरविण्यासाठी एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले होते. सोबत सासूबाई होत्या. त्यांनीच विषय काढला, “फादर, माझी पाच बाळंतपणं घरीच झाली. हिनं मात्र पाठीत इंजेक्शन घेतलं.” सुनेने खालमानेने विचारले, “फादर, माझं काही चुकलं का?”

हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. अनेक वर्षांपूर्वी अशाच एका भगिनीस ‘वेदना प्रभूला अर्पण कर’ एवढेच सांगून आम्ही मोकळे झालो होतो. ते उत्तर आज आम्हांस टोचते.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेच्या वाट्याला प्रसूतीचे क्लेश आले, हे खरे. परंतु पुढच्याच वचनात आदामाच्या वाट्याला शेतीचे कष्ट आले आहेत. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. आदामाच्या वंशजांनी नांगर घडविला, विहिरीवर पंप बसविला. त्यास कोणी पाप म्हटले नाही. मग हव्वेच्या लेकींनाच सवलत का नसावी?

1847 साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत ईथर व पुढे क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हाही धर्माच्या नावाने आक्षेप निघाला. फासळी काढण्यापूर्वी देवाने आदामाला गाढ निद्रा आणली, याचे त्यांनी स्मरण करून दिले. आपल्या ख्रिस्तसभेत पोप बारावे पायस यांनी 8 जानेवारी 1956 रोजी वेदनारहित प्रसूतीविषयी बोलताना, पवित्र शास्त्र अशा उपायांस मनाई करीत नाही, असा निर्वाळा दिला. 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी डॉक्टरांपुढे वेदनाशमनाचा प्रश्न अधिक विस्ताराने उलगडला.

मग क्रूसाचे काय? कालवारीवर प्रभूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला. तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. वेदना घेऊन आलेल्यांना मात्र त्याने ‘सोसा’ म्हणून परत पाठविले नाही. स्वेच्छेने उचलला तो क्रूस. दुसऱ्याच्या खांद्यावर लादले ते केवळ ओझे.

तथापि इंजेक्शन म्हणजे प्रतिष्ठेची खूणही नव्हे. एपिड्युरलने रक्तदाब उतरू शकतो, प्रसूतीचा दुसरा टप्पा लांबू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञाची देखरेख हवी. एखादीला दीर्घ श्वसन आणि जिवलगाचा हात पुरेसा वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत, निरोगी गर्भवतीने मागणी केल्यास एपिड्युरल आणि तिच्या पसंतीची सोबत, या दोन्ही गोष्टींना स्थान दिले आहे. डॉक्टरांचा सल्ला ऐकून निवड तिनेच करावी. ती निवड घराण्याच्या अभिमानाने वा शेजारणींच्या तुलनेने होऊ नये.

आम्ही सुनेला म्हणालो, “मुली, तुझं काही चुकलं नाही.” मग सासूबाईंकडे वळलो, “बाई, तुम्ही सोसलंत ते थोरच. पण तेव्हा तुम्हांला कोणी विचारलं होतं का?”

त्या क्षणभर गप्प राहिल्या. “नाही, फादर,” म्हणत त्यांनी सुनेच्या मांडीवरचे बाळ उचलून घेतले आणि तिला म्हणाल्या, “तू जरा पाठ टेकून बस.”