मेकॅनिकची सही

मायामीच्या विमानतळावर एक मेकॅनिक होता. ईस्टर्न एअरलाइन्सच्या हँगरमध्ये रात्रपाळी करायचा. वर बघून काम करकरून मान अवघडलेली, नखांत तेल. पण पहाटे आपल्या हातचं विमान धावपट्टीवरून उठेपर्यंत तो घरी निघत नसे. बायको म्हणे, "पगार दिला नाही तरी तू जाशील." तो म्हणे, "जाईन, पण पगार मागायला."

१९८३ च्या मे महिन्यात त्याच कंपनीचं एक ट्रायस्टार १७२ जणांना घेऊन नासाउला निघालं. तिन्ही इंजिनांतलं तेल गळालं आणि एकेक करत इंजिनं बंद पडली. खाली समुद्र, लोकांनी लाइफ जॅकेटं चढवली. वैमानिकांनी एक इंजिन कसंबसं पुन्हा सुरू करून विमान मायामीला उतरवलं. सगळे वाचले. चौकशीत कारण निघालं ते अगदी क्षुल्लक. तेलातला धातूचा कीस पकडणारे चुंबकी डिटेक्टर रात्री बदलले होते, त्यांवर रबरी ओ-रिंगाच नव्हत्या. एरवी ते रिंगांसकट तयार मिळत. त्या रात्री स्टोअरमधून आणले, आणि रिंगा असतीलच असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

आपला मेकॅनिक त्या रात्री सुट्टीवर होता. तरी तेव्हापासून डिटेक्टर हातात आला की तो अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरवी. एक रिंग लागली, दुसरी लागली, मगच डिटेक्टर आत जाई आणि मगच वहीत सही.

पुढे दिवस बिघडले. १९८४ मध्ये कामगारांनी पगारकपात सोसली आणि बदल्यात कंपनीचे २५ टक्के शेअर घेतले. दोन वर्षांनी कंपनी फ्रँक लोरेन्झो यांच्या टेक्सास एअरकडे गेली, आणि पुन्हा कपातीची मागणी आली. फोरमनचा लकडा सुरू झाला, "सही करून टाक, विमानाला उशीर होतोय."

"काम झालं की करतो," एवढंच तो म्हणे. फोरमनच्या वहीत त्याच्या नावापुढे काय काय लिहिलं गेलं असेल, देव जाणे.

३ मार्च १९८९ ची रात्र. मध्यरात्रीपासून मेकॅनिकांचा संप ठरला होता. बाराला थोडा अवकाश होता आणि त्याच्यापुढे एक इंजिन उघडं होतं. बाजूचा तरुण पोरगा पाने पेटीत टाकत म्हणाला, "ठेव तसंच. बसू दे मालकाला बोंबलत."

"यात मालक बसणार नाहीये," तो म्हणाला. नख फिरवलं, डिटेक्टर बसवला, गळती तपासली, सही केली. मग पेटीला कुलूप लावलं आणि बाहेर जाऊन संपाचा फलक हातात घेतला.

वैमानिक आणि हवाई सेविकाही संपात उतरल्या. एखादं विमान उडालंच तर फाटकावर शिव्यांचा गजर होई. हा मात्र चाकं आत जाईपर्यंत गप्प बघत राही. काहींना त्याचा राग येई. एकदा फोरमन फाटकाशी येऊन म्हणाला, "एवढा जीव आहे तर आत ये की."

"यायचंच आहे. पण तुम्ही म्हणता त्या पगारात आणि त्या घाईत हे काम नीट होत नाही."

१९९० च्या जुलैत कंपनीवर आणि तिच्या काही व्यवस्थापकांवर आरोपपत्र दाखल झालं. न झालेली देखभाल झाल्याचं कागदोपत्री दाखवल्याचा आरोप होता. १८ जानेवारी १९९१ च्या मध्यरात्री कंपनी कायमची बंद पडली.

कंपनी म्हणजे आपणच, असं मालकाला वाटतं. आणि संपात तापलेल्या कामगारालाही हळूहळू ते पटायला लागतं. या माणसाला ते कधीच पटलं नाही. काम त्याचं स्वतःचं होतं. म्हणून ते बिघडवणं त्याला जमलं नाही, आणि मातीमोलानं विकणंही जमलं नाही.

पुढे त्याला त्याच विमानतळावर जुनी मालवाहू विमानं दुरुस्त करायचं काम मिळालं. पगार कमी होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं युनियनची वर्गणी भरली. दुसऱ्या आठवड्यात नव्या फोरमनशी पहिला वाद झाला.